शेरे वाचले की मन मिटतं, मग शिकायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शाळा-कॉलेजात तुम्ही कायम पहिल्या काही जणांत होता. आता नोकरीत अहवाल लिहायचं काम आहे आणि वरिष्ठ जवळजवळ प्रत्येक मसुदा शेरे मारून परत पाठवतात. शेरे उघडले की कान गरम होतात, सुरुवातीला वाचलेलं डोक्यात शिरत नाही, मग मनातल्या मनात एकेका शेऱ्याला उत्तर देणं सुरू होतं. 'ग्रोथ माइंडसेट'वर, म्हणजे क्षमता वाढवता येते असं मानणाऱ्या मानसिकतेवर, तुम्ही भरपूर वाचलंय, व्हिडिओ पाहिलेत, 'अजून जमत नाही, पण जमेल' असं रोज स्वतःला सांगूनही पाहिलंय. तरी पुढच्या मसुद्यात पहिले पाढे पंचावन्न. आणि शेवटी तुम्ही विचारता, माझी मानसिकताच बंदिस्त आहे का, आणि तिशी उलटल्यावर ती बदलते का?

मी बरीच वर्षं नोकरदार लोकांना कामाचं लेखन शिकवते आणि त्यांचे मसुदे तपासते. माझं स्वतःचं लेखनही दुसऱ्यांकडून तपासून घेते, त्यामुळे दोन्ही बाजू रोजच्या परिचयाच्या आहेत. तुम्ही जे लिहिलंय ते मी हुशार आणि कष्टाळू माणसांत सतत पाहते. अशी माणसं 'माझा स्वभावच असा' म्हणून स्वतःवर शिक्का मारून घेतात आणि तिथेच थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. तुम्ही मन बदलायला घेतलंत आणि शेऱ्यांशी वागायची पद्धत होती तशीच ठेवलीत. माझा अनुभव उलट्या क्रमाचा आहे. आधी पद्धत बदलते, मग एखादी ठरावीक गोष्ट सुधारलेली डोळ्यांना दिसते, आणि त्यानंतर 'हे मला शिकता येतं' यावर विश्वास बसतो. ज्याचा पुरावा आपल्याजवळ नाही, त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करत राहिलं की थकवा येतो. तुमच्या प्रश्नात तो थकवा दिसतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचे वरिष्ठ कसे आहेत हे मला तुमच्या चार ओळींवरून कळणार नाही. शेरे सुधारणेसाठी येतात की वर्षअखेरच्या मूल्यमापनात तुमच्याविरुद्ध वापरले जातात, यानं खूप फरक पडतो. चूक महागात पडत असेल तिथे माणूस सावध राहतो, आणि ते शहाणपणाचंच असतं. तिथे 'मन मोकळं ठेवा' हा सल्ला अर्धवट आहे. तुम्हाला या कामात मुळात रस आहे का, हाही प्रश्न आहेच. पुढचं सगळं मी असं धरून लिहितेय की तुम्हाला लिहिणं शिकायचंय आणि तुमचे वरिष्ठ तुटक बोलणारे असले तरी वाईट हेतूचे नाहीत.

आता 'ग्रोथ माइंडसेट' या कल्पनेबद्दल, कारण ती तुमच्यापर्यंत जशी पोचली त्यात थोडी गडबड आहे असं वाटतं. ती मांडली कॅरल ड्वेक या स्टॅनफर्डमधल्या मानसशास्त्रज्ञांनी. त्यांचं मूळ म्हणणं साधं आहे. क्षमता जन्मजात ठरलेली असते असं मानणारा माणूस अपयशाकडे निकाल म्हणून बघतो, ती वाढवता येते असं मानणारा त्याकडे माहिती म्हणून बघतो. पण माणसांचे असे दोन प्रकार नसतात. एकच माणूस स्वयंपाकात बिनधास्त प्रयोग करतो आणि गणिताचं नाव काढलं की 'ते आपल्याला जमायचं नाही' म्हणतो. तुम्हीही गाडी चालवायला शिकताना शिकवणाऱ्याचं ऐकलंच असेल, 'क्लच लवकर सोडताय' म्हटल्यावर कान गरम झाले नसतील. म्हणजे तुमची मानसिकता बंदिस्त नाही. लेखन या एका बाबतीत ती दुखरी आहे, कारण 'मी हुशार आहे' ही तुमची स्वतःची ओळख याच जागी टेकून उभी आहे.

ती ओळख कशी तयार होते, हे दाखवणारे प्रयोग ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. झाल्यावर काहींना सांगितलं, 'छान, तू हुशार आहेस', काहींना सांगितलं, 'छान, तू मेहनत घेतलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, जी सगळ्यांनाच जड गेली. शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी दिली. हुशारीचं कौतुक झालेली मुलं या शेवटच्या फेरीत पहिल्यापेक्षा कमी पडली, मेहनतीचं कौतुक झालेली पुढे गेली. मला सगळ्यात बोलका वाटतो तो यातला छोटा भाग. मुलांना आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला कळवायचे होते. हुशारीचं कौतुक झालेल्यांपैकी जवळपास ४० टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले, मेहनतवाल्यांत हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. समोर कोण आहे हेही माहीत नसताना त्यांना हुशार दिसत राहायचं होतं. वर्षानुवर्षं 'हुशार' म्हणून वाढलेल्या माणसाला लाल शेरा इतका का झोंबतो, ते इथे समजतं.

हे सांगून थांबले तर मात्र मी तुमची फसवणूक करेन. नंतरच्या काही प्रयोगांत निकाल इतके ठळक आले नाहीत. मानसिकता बदलण्याच्या उपक्रमांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये घेतला गेला तेव्हा अभ्यासातल्या यशावरचा सरासरी परिणाम अगदी लहान निघाला. त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका तासापेक्षा कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिल्यावर, आधी मागे असलेल्या मुलांच्या सरासरी श्रेणीत ०.१ अंकाची वाढ दिसली. इतक्या स्वस्त उपायासाठी ती वाढ मोलाची आहे, पण चमत्कार नव्हे. शिवाय जिथे आजूबाजूच्या मुलांत अवघड गोष्टीला भिडण्याची रीत होती, तिथे परिणाम जास्त टिकला. म्हणजे विश्वास हा एक छोटा धक्का आहे. पुढे रस्ता आणि सोबतीची माणसं नसतील तर तो विरून जातो. एवढं वाचूनही तुम्ही बदलला नाहीत, हा तुमच्यातला दोष धरू नका. वाचनाकडून जेवढी अपेक्षा ठेवायची तेवढंच त्यानं केलं.

याच कल्पनेचा आणखी एक गैरसमज तुमच्या लिहिण्यात डोकावतो. 'मी प्रत्येक अहवालावर आधीपेक्षा जास्त वेळ घालवतो,' असं तुम्ही म्हणता. नुसती मेहनत वाढवली की वाढ होते, असं ही कल्पना सांगतच नाही. मेहनतीचं कोरडं कौतुक म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे, हे ड्वेक यांना २०१५ मध्ये मुद्दाम लिहून सांगावं लागलं. अडकल्यावर वेगळी पद्धत वापरून बघणं आणि मदत मागणं त्यात तितकंच येतं. चुकीच्या दिशेनं जास्त तास दिले की चूक पक्की होते, एवढंच.

आता शेऱ्यांकडे येऊ.

१९९६ मध्ये अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. फीडबॅकमुळे सरासरीनं काम सुधारतं, हे निघालंच. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम आधीपेक्षा खालावलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण माझ्या कामाचा पाया आहे. फीडबॅक ऐकताना लक्ष कामावर राहिलं तर उपयोग होतो, ते सरकून 'मी कसा आहे' यावर गेलं की नुकसान व्हायला लागतं. कान गरम होतात ते याच सरकण्यामुळे. वरिष्ठांनी लिहिलेलं असतं 'हा परिच्छेद विस्कळीत आहे' आणि तुम्ही वाचता 'तू विस्कळीत आहेस'.

हे सरकणं इच्छाशक्तीनं थांबत नाही. म्हणून मी लोकांना मन शांत करायला सांगतच नाही. लक्ष परत कामावर येईल असं काहीतरी हाताला द्यायचं, एवढंच बघते. शेरे आले की लगेच उत्तर लिहायचं नाही, मसुद्यालाही हात लावायचा नाही. एक कोरा कागद घ्यायचा आणि प्रत्येक शेरा आहे तसा त्यावर उतरवायचा, शब्द न बदलता. समोर प्रत्येकासाठी एकच गोष्ट लिहायची: हा शेरा मसुद्यातल्या कोणत्या वाक्याबद्दल आहे? पान, ओळ, वाक्य. हाताला हे काम मिळालं की डोक्यातला वाद मंदावतो, कारण दोन्ही एका वेळी होत नाहीत. शेरे तोंडी मिळत असतील तर वहीत लिहून घ्या. लिहिणारा माणूस मध्ये बोलत नाही, आणि समोरच्यालाही आपलं ऐकलं जातंय असं वाटतं.

शक्य असेल तर एक गोष्ट वेगळी काढा. मूल्यमापन आणि शेरे एकाच बैठकीत ऐकू नका. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग यासाठी मला फार महत्त्वाचा वाटतो. काही मुलांना कामावर फक्त शेरे मिळाले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेली मुलं सुधारली आणि त्यांचा रसही टिकला. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदाच झाला नाही. आकडा दिसला की नजर तिथेच चिकटते. म्हणून वरिष्ठांना सरळ सांगता येतं, 'माझं रेटिंग काय ते तुम्ही वेगळं सांगा, आज मला फक्त हा मसुदा कसा सुधारायचा ते समजून घ्यायचंय.' बहुतेक वरिष्ठांना यात काही गैर वाटत नाही, उलट त्यांचीही अडचण हलकी होते.

खरं काम यानंतरचं आहे, आणि बहुतेक लोक अडतात ते इथेच. शेरा जसा येतो तसा तो क्वचितच वापरता येतो. तुम्ही तुमच्या शेऱ्यांची तीन उदाहरणं दिलीत: 'विस्कळीत', 'मुद्दा काय?' आणि 'नीट मांडा'. मी तपासणारी आहे म्हणून सांगते, असे शेरे लिहिणाऱ्याला काहीतरी खटकलेलं असतं, पण काय ते त्यानं शब्दांत पकडलेलं नसतं. वेळही नसतो. शिकणाऱ्याला ते पकडावं लागतं. यात तुमच्यावर अन्याय आहे, मान्य. तरी हे कौशल्य एकदा आलं की ते कुठल्याही वरिष्ठापुढे उपयोगी पडतं.

'मुद्दा काय?' हाच शेरा घेऊ. समजा तो ग्राहकांच्या तक्रारींच्या अहवालावर आहे आणि अहवालाचं पहिलं वाक्य असं आहे: 'गेल्या तिमाहीत प्राप्त झालेल्या तक्रारींचं वर्गीकरण करून त्यांचा आढावा घेण्यात आला असून त्यात विविध बाबी निदर्शनास आल्या आहेत.' व्याकरण ठीक, माहिती खरी. पण वाचणाऱ्याला यातून काहीच कळलं नाही. आता मसुद्यात पुढे जाऊन शोधा, या अहवालातली सगळ्यात कामाची गोष्ट कुठे लिहिली आहे? अशा मसुद्यांत ती हमखास तिसऱ्या पानावर, एखाद्या परिच्छेदाच्या पोटात सापडते: 'निम्म्याहून जास्त तक्रारी बिल उशिरा पोचल्याच्या होत्या.' हे वाक्य उचलून पहिल्या ओळीत ठेवा. मग 'मुद्दा काय?' या शेऱ्याचा अर्थ स्वच्छ होतो: निष्कर्ष उशिरा येतो. तो शेरा तुमच्या बुद्धीबद्दल नव्हता, एका वाक्याच्या जागेबद्दल होता. आणि वाक्याची जागा बदलता येते.

हा बदल करून बघणाऱ्यांचे चेहरे मला आठवतात. एकजण माझ्यासमोर बसून स्वतःचा अहवाल मोठ्यानं वाचत होती. पहिल्या पानावर दोनदा अडखळली, तिसऱ्या पानावर एका वाक्यापाशी थांबली आणि पेन्सिलनं त्याखाली रेघ मारली. 'हेच सांगायचं होतं मला,' म्हणाली. मी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यानंतरच्या मसुद्यांत ती स्वतःच तिसऱ्या पानावर जाऊन असं वाक्य शोधायला लागली. 'मला लिहिता येत नाही' हे तिचं नेहमीचं वाक्य हळूहळू बंद झालं. ते बंद कर असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं.

शेरा कळलाच नाही तर विचारा, पण कसं विचारता यावर सगळं आहे. 'म्हणजे काय?' हा प्रश्न समोरच्याला आव्हानासारखा वाटू शकतो. 'मी यात काय चुकलो?' विचारलंत की बोलणं पुन्हा तुमच्यावर येतं. मी शिकवते तो प्रश्न असा: 'सर, नेमकं कोणत्या वाक्यापाशी तुम्ही अडलात, ते दाखवाल का?' वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण जागा दाखवता येते. जागा मिळाली की कारण तुम्ही शोधू शकता. आणखी एक विचारता येतं: 'पुढच्या मसुद्यात एकच गोष्ट सुधारायची असेल तर कोणती?' बारा शेऱ्यांतून वरिष्ठांना खरोखर महत्त्वाचा वाटणारा एक त्यातून बाहेर येतो. बाकीचे अकरा या वेळेस दुरुस्त करा आणि सोडून द्या. सगळं एकदम सुधारायला गेलात की काहीच हाती लागत नाही.

आता तुमच्या दुखण्याचा उरलेला भाग: कळतं पण वळत नाही. पुढच्या मसुद्यात त्याच चुका परत येतात, याचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. शेरे मिळाल्यावर तुम्ही तोच मसुदा दुरुस्त करता, आणि दुरुस्ती करताना शेरा समोर असतो. पुढचा अहवाल तीन आठवड्यांनी येतो तेव्हा तो समोर नसतो. वाचलेलं ओळखीचं वाटणं आणि गरज पडेल तेव्हा आठवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये हे छान दाखवलं. एका गटानं उतारा पुन्हापुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून नंतर तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४० टक्के. वाचताना आपल्याला येतंय असं वाटतं, आठवताना जड जातं, आणि शिकणं त्या जड जाण्यातच होतं.

म्हणून शेरे नुसते जपून ठेवू नका, आठवा. नवा अहवाल सुरू करण्याआधी जुने शेरे न बघता लिहून काढा, गेल्या वेळी माझं काय चुकलं होतं? मग तो कागद काढून ताडून बघा. जे आठवलं नाही, तेच या वेळेस पुन्हा चुकणार आहे, एवढं धरून चाला. आणि मसुदा पूर्ण झाल्यावर पाठवण्याआधी फक्त त्या एका ठरवलेल्या गोष्टीसाठी एक वेगळी फेरी मारा. निष्कर्ष वर आणायचा असेल तर त्या फेरीत प्रत्येक विभागाचं पहिलं वाक्य तेवढं वाचा, बाकी काही बघू नका. शुद्धलेखन दिसलं तरी हात लावू नका. लक्ष वाटलं गेलं की फेरी वाया जाते.

जमल्यास अर्धवट मसुदा दाखवा. तुमच्यासारखी, म्हणजे 'हुशार' म्हणून ओळखली गेलेली माणसं काम पार चकचकीत झाल्याशिवाय कुणाला दाखवत नाहीत. त्यामुळे शेरे येतात तेव्हा वेळ संपलेला असतो आणि जीवही त्या मसुद्यात अडकलेला असतो. एका पानाचा आराखडा, चार मुद्दे आणि 'या क्रमानं जाऊ का?' एवढं पाठवलंत तर शेरा स्वस्तात मिळतो आणि झोंबत नाही, कारण त्यात तुमचे आठ दिवस गेलेले नसतात. सुरुवातीला हे अंगावर येईल. पण माझ्याकडच्या लोकांना सगळ्यात लवकर फरक जाणवतो तो याच बदलानं.

वयाचं विचारलंत. मोठ्या वयात मेंदू शिकत नाही, हे खरं नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवाना मिळवण्यासाठी शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्याला वर्षं लागतात. कॅथरीन वूलेट आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी अशा ७९ उमेदवारांचे मेंदू प्रशिक्षणाच्या सुरुवातीला तपासले, त्यांतल्या बहुतेकांचे नंतर पुन्हा तपासले आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. जे ३९ जण पात्र ठरले, त्यांच्या मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी संबंधित भागाच्या मागच्या बाजूला करडं द्रव्य (ग्रे मॅटर) वाढलेलं दिसलं. जे ठरले नाहीत त्यांच्यात तसा बदल नव्हता. ही सगळी प्रौढ माणसं होती. शिकता येतं, पण आपोआप येत नाही, हेही याच प्रयोगात दिसतं. तिशी म्हणजे तर काहीच नाही. मोठ्या वयात अडचण मेंदूची कमी आणि प्रतिष्ठेची जास्त असते. लोकांसमोर एखादी गोष्ट न जमणं आपल्याला सोसत नाही.

सगळेच शेरे मनावर घ्यायचे नसतात, हेही लिहायला हवं. ग्रोथ माइंडसेटच्या नावाखाली वाटेल ते मुकाट्यानं सोसायला लावणारे लोक मी पाहिलेत, आणि मला त्याचा राग येतो. शेरा माणसाबद्दल असेल, 'तुला डोकंच नाही' छापाचा, तर त्यातून शिकण्यासारखं काही नाही. विचारल्यावर जागा दाखवता येत नसेल, मागच्या महिन्यात सांगितलेलं आज चुकीचं ठरत असेल, किंवा एकाच चुकीबद्दल सहकाऱ्याला हसून आणि तुम्हाला चारचौघांत सांगितलं जात असेल, तर अडचण तुमच्या मानसिकतेत नाही. अशा वेळी दुसऱ्या विश्वासू वाचकाकडून मसुदा तपासून घ्या. दोन वेगळ्या माणसांना एकाच वाक्यापाशी अडखळायला झालं तर शेऱ्यात तथ्य आहे. एकट्यालाच खटकलं तर ती त्यांची आवड असू शकते. त्यांच्या अहवालापुरती ती पाळा आणि विसरून जा.

आणि उद्या तुम्ही कुणाचा मसुदा तपासाल, लवकरच तपासाल, म्हणून एवढं सांगते. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांचे नेहमीचे शेरे होते, फक्त सोबत एक चिठ्ठी जोडलेली होती. काहींच्या चिठ्ठीत साधा मजकूर होता. काहींच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकतोस हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे देतोय. कृष्णवर्णीय मुलांत निबंध सुधारून परत देणाऱ्यांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या वर गेलं. शेरे तेच होते. ते कशासाठी दिलेत हे कळल्यावर मुलांनी ते वापरले. तुमच्या वरिष्ठांना अशी चिठ्ठी लिहायचं सुचलं नसेल. तरी व्यस्त माणूस जर तुमचा प्रत्येक मसुदा शेवटपर्यंत वाचून त्यावर बारा ठिकाणी खुणा करत असेल, तर त्यानं तुमच्याबद्दल आशा सोडलेली नाही. आशा सोडलेला माणूस शेरे लिहीत बसत नाही, स्वतः दुरुस्त करून पुढे पाठवतो. मी हे दुसऱ्या बाजूनं बघते म्हणून खात्रीनं सांगते.

तुम्ही लिहिलंय की पुढचा अहवाल महिनाअखेर द्यायचाय. त्यासाठी जुन्या मसुद्यांवरचे शेरे आजच एका कागदावर काढा. सगळ्यात जास्त वेळा आलेला एक निवडा. तुम्ही दिलेल्या उदाहरणांवरून माझा अंदाज 'मुद्दा काय?' हाच असेल. अहवालाचा एक पानाचा आराखडा पुढच्या चार दिवसांत वरिष्ठांना पाठवा आणि सोबत एवढंच लिहा: 'सर, गेल्या वेळी मुद्दा उशिरा येत होता. या वेळी प्रत्येक विभागाचा निष्कर्ष पहिल्या ओळीत घेतलाय. कुठे अजूनही शोधावा लागतोय तेवढं दाखवाल का?' त्यांचं उत्तर काय आलं ते मला कळवा. त्यात पुन्हा एखादा न कळणारा शेरा असेल तर त्या वाक्यासकट पाठवा, बघू आपण.